वैशाखात घेतलेलं मशीन

मी वैशाखात जमीन बघून पावसाळ्यात चालवायचं मशीन विकत घेतलं.

काळ्या मातीत ज्यांचे पाय कधी तरी भरले आहेत, त्यांना एवढ्यावरच हसू आलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. काळी जमीन वैशाखात फरशीसारखी असते. कुदळ मारली तर जमिनीला काही होत नाही, आपल्या हाताला झिणझिण्या येतात. तीच जमीन श्रावणात लोणी होते. पाय ठेवला की पाय वर येतो, चप्पल खालीच राहते. हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. माझा जन्मच शेतकऱ्याच्या घरातला. पण पुढची तेहतीस वर्षं मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, भांडार विभागात काढली, आणि भांडारात माती हा माल नसतो.

भांडारातल्या माणसाला एक खोड लागते. सुतळीचा तोडा घ्यायचा असला तरी तो तीन ठिकाणची माहिती मागवतो, रकाने आखतो आणि तुलनात्मक तक्ता करतो. निवृत्त झालो तरी माझी ही खोड गेली नाही. घरात मिक्सर आला तो तक्त्यावरून, गादी आली ती तक्त्यावरून. आमची बायको म्हणते, "मला बघायला आलात तेव्हा तक्ता केला नव्हता, म्हणून ती एक निवड तेवढी बरोबर निघाली."

आम्ही राहतो नाशकात, इंदिरानगरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. निवृत्तीनंतर वणीच्या रस्त्याला घेऊन ठेवलेल्या अर्ध्या एकरावर मी दोन खोल्या बांधल्या. पुढे शहाबादी फरशीचं अंगण, आणि त्यापुढे मोकळी जमीन. बेत असा होता की आठवड्यातले चार दिवस तिकडे राहायचं. सकाळी अंगणात बसून चहा प्यायचा, समोर हिरवंगार, छाटलेलं गवत बघायचं. हे छाटलेलं गवत मी मोबाइलवर परदेशातल्या व्हिडिओंमध्ये पाहिलं होतं. तिथे एक टोपीवाला गृहस्थ छोट्याशा गाडीवर बसून गवत कापत जातो, आणि मागे सतरंजीसारखे पट्टे उमटत राहतात. निवृत्त माणसाला दुपारी जेवणानंतर असलं काही बघायला मिळालं की त्याचं वाटोळं व्हायला वेळ लागत नाही.

त्या जमिनीवरचं गवत तोवर शेजारच्या मावशी न्यायच्या. मावशी माझ्याच वयाच्या असतील, पण सगळी वस्ती त्यांना मावशी म्हणते म्हणून मीही म्हणतो. दोन म्हशी, दोन सुना आणि टोमॅटोचं थोडं रान, असा त्यांचा पसारा. तिकडची रीत अशी की ज्याचं रान पडीक आहे, त्याचं गवत शेजाऱ्याने विळ्याने कापून जनावरांना न्यायचं. त्याच्याबद्दल कुणी काही मागत नाही. मालक आला की तांब्याभर दूध आपोआप दारात येतं. मला मात्र लॉन करायचं होतं. विळ्याने कापलेल्या गवताचे खुंट वरखाली राहतात, आणि माझ्या डोक्यात सतरंजीचे पट्टे. मी तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि फाटकाला कुलूप लावलं.

मावशी हातात विळा घेऊन फाटकाबाहेर उभ्या राहिल्या.

"भाऊ, कुलूप लावलं का?"

"हो. यंदा लॉन करायचंय, मावशी."

"मंग गवत कोण नेणार?"

"कुणी नाही. ते तसंच ठेवायचं असतं."

मावशींनी गवताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "त्याला सांगितलं का तसंच राहा म्हणून?" असं म्हणाल्या आणि निघून गेल्या.

गवताला कुणी सांगितलं नव्हतं. पोळ्यापर्यंत ते कमरेला लागलं. एका सकाळी बायको अंगणात चहा घेऊन आली आणि शेवटच्या फरशीवर हातभर, छे, चांगली पुरुषभर लांब धामण ऊन खात पडलेली. कप तिथेच फुटला. मी धीर दिला, "अगं, धामण आहे. विष नसतं तिला."

"तिच्या अंगावर लिहिलंय का तसं?"

ती आत गेली, पिशवी भरली आणि दुपारच्या एसटीने इंदिरानगरला परतली. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. एकदा नाही म्हटलं की पालकांनी येऊन विनवण्या केल्या तरी नाही म्हणजे नाही. त्यानंतर आठ महिने मी त्या दोन खोल्यांमध्ये एकटा जात राहिलो. जाताना थर्मासमध्ये चहा न्यायचो आणि सवयीने दोन कप न्यायचो. दुसरा कप न वापरता परत आणून विसळून ठेवायचो. तिने ते बघितलं होतं. कप मोजायची सवय तिलाही आहे.

चैत्रात एकदा तिने आपणहून विषय काढला. आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने ग्रंथवाचन चालतं. वाचायला बहुतेक हीच, कारण हिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. ती म्हणाली, "भाद्रपद पौर्णिमेचं वाचन प्लॉटवर ठेवायचं म्हणतेय. सगळ्याजणी यायला तयार आहेत."

मी उठून उभाच राहिलो.

"बसा खाली. एक अट आहे. मला जमीन दिसली पाहिजे. फाटकापासून अंगणापर्यंत, पाय ठेवीन तिथे. नाही दिसली, तर त्या घराची किल्ली पुन्हा माझ्यासमोर काढायची नाही."

आता साधा माणूस असता तर फाटकाचं कुलूप काढून मावशींच्या दारात गेला असता. मी रकाने आखायला बसलो.

बसून गवत कापायच्या मशीनचे तीन प्रकार असतात असं मला कळलं. पहिलं म्हणजे छोटा ट्रॅक्टरच. पुढे इंजिन, हातात स्टिअरिंग, पोटाखाली पाती. दुसऱ्याला स्टिअरिंगच नाही, दोन बाजूंना दोन दांडे. दोन्ही पुढे ढकलले की मशीन पुढे, एकच ढकलला की जागच्या जागी भोवऱ्यासारखं फिरतं. झाडांच्या, बाकांच्या मधून वळायला ते उत्तम. तिसरं सगळ्यात लहान, त्यात इंजिन सीटच्या खाली-मागे असतं. मी तक्त्यात पात्यांची रुंदी घेतली, वळायला लागणारी जागा घेतली, गिअर घेतले, सीटला पाठ आणि हात आहेत का ते घेतलं. फाटकाची रुंदी तर तीनदा टेपने मोजली. माझा तक्ता बघून भांडार विभागातल्या कुठल्याही माणसाने सही केली असती. मातीचा रकाना मात्र त्यात नव्हता.

जमीन बघायला मी वैशाखात गेलो. टणटणीत. गवत वाळून भुईला टेकलेलं. मी तिच्यावर दोनदा उड्या मारून पाहिल्या. तक्त्याच्या शेवटी शेरा लिहिला, 'जमीन अत्यंत मजबूत.'

आग्रा रोडवर शेती अवजारांचं एक दुकान आहे. तिथला माणूस तरुण आणि भला होता. त्याने सरळ विचारलं, "काका, जागा केवढी?"

"अर्धा एकर."

"मग कशाला एवढं? खांद्याला अडकवायचं कटर घ्या. आमच्या इथले सगळे द्राक्षवाले तेच नेतात."

"मला बसायचं पाहिजे."

"गवत केवढं होतं?"

"कमरेएवढं," मी अभिमानाने म्हणालो.

त्याने मान हलवली. "ही मशीनं टाचेएवढ्या गवतासाठी असतात, काका. दर आठवड्याला फिरवायची. कमरेएवढ्या गवतात घातलं तर गुदमरेल ते."

"दर आठवड्याला फिरवीन," मी म्हणालो. पावसाळ्यातल्या आठवड्याला सात दिवस पाऊस असू शकतो, हाही रकाना राहिलेला होता.

चालवून बघायला त्याने आधी दांड्यांचं मशीन दिलं. दुकानामागे काँक्रीटचं आवार होतं. मी बसलो, दोन्ही दांडे पुढे केले, मशीन निघालं. पाच-दहा पावलं माझ्यासारखा सुखी माणूस नाशकात नसेल. समोर पाण्याच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या रचलेल्या दिसल्या म्हणून मी घाबरून एक दांडा मागे ओढला. मशीन गर्रकन फिरलं. मी दुसरा ओढला, ते उलटं फिरलं. मग काय केलं ते मला आठवत नाही. एक टाकी गडगडत आवारातून बाहेर पडली आणि सर्व्हिस रोडने मजेत निघाली, एवढं आठवतं. दुकानदार तिच्यामागे पळाला. परत आला तेव्हा त्याने सरळ स्टिअरिंगवाल्या मशीनवरचं प्लॅस्टिक काढायला घेतलं. इंजिन सीटखाली असलेलं तिसरं मशीन मीच नको म्हटलं. उभा जन्म वीजकेंद्रात काढलेल्या माणसाला म्हातारपणी बुडाखाली इंजिन नको होतं.

अशा रीतीने पूर्ण अभ्यासाअंती छोटा ट्रॅक्टर ठरला. लाल रंगाचा, सीट काळी, गुबगुबीत, पाठीला टेका, दोन्ही बाजूंना हात. मशीनची सीट आमच्या गादीपेक्षा चांगली होती, हे आजही मान्य करायला हवं.

प्लॉटवर आल्या दिवशीच मी टोपी घालून त्यावर बसलो आणि कापायला काहीही नसलेल्या जमिनीवर दीड तास फिरलो. धुरळा एवढा उडाला की मावशी कुंपणापाशी आल्या.

"भाऊ, काय कापताय?"

"सराव करतोय."

"धुरळ्याचा?"

मी बायकोला व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर आलं, "टोपी चांगली दिसतेय." मी ते कौतुक समजलो.

पुढे पाऊस सुरू झाला. मशीनच्या पुस्तकात लिहिलं होतं की ओलं गवत कापू नये. मी गवत वाळायची वाट बघत राहिलो आणि गवत काही थांबलं नाही. आषाढात टाचेला होतं, श्रावणात गुडघ्याला आलं. दर खेपेला मी छत्री घेऊन अंगणात उभा राहायचो आणि मशीनवरची ताडपत्री नीट करून परत यायचो. घरी ती विचारायची, "जमीन दिसते का?"

"दिसेल," मी म्हणायचो.

पौर्णिमेला पाच दिवस उरले आणि उघडीप पडली. दोन दिवस चांगलं ऊन. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो, गवताला हात लावून पाहिलं, कोरडं खडखडीत. ताडपत्री काढली, इंजिनाचं तेल बघितलं, टायरची हवा बघितली, टोपी घातली. मावशी बांधावरून ओरडल्या, "भाऊ, वाफसा नाय अजून."

वाफसा म्हणजे पावसानंतर माती पाय आणि औत झेलायला तयार होते ती अवस्था. ओळखायची रीत लहान पोराला येते. मूठभर माती घ्यायची, दाबायची आणि बोटाने टोचायची. भुगा झाला तर वाफसा आला. ढेकूळ तसंच राहिलं तर घरी जायचं. माझे वडील चप्पल काढून नुसत्या तळपायाने ओळखायचे. मी त्यांचा मुलगा, पायात बूट घालून मशीनवर बसलेला. मी मावशींना हात दाखवला, म्हणजे कळलं, कळलं, आणि गिअर टाकला.

फरशीवरून उतरून मशीन गवतात शिरलं. पहिली पाच पावलं खरोखर पट्टा उमटला. मी मागे वळून बघितलंसुद्धा. दहाव्या पावलाला पोटाखालून घुर्र घुर्र असा आवाज आला, गवताचा बोळा पात्यांना गुंडाळला आणि पाती थांबली. मी जोर दिला. पाती फिरेनात, चाकं फिरली. जागच्या जागी. मला वाटलं, अजून थोडा जोर. त्या थोड्या जोरात मागची चाकं निम्मी खाली गेली आणि मशीन पोटावर बसलं, म्हैस डबक्यात बसते तसं, शांतपणे आणि उठायचा काही विचार नसल्यासारखं.

मावशी आल्या. खाली वाकल्या, मूठभर माती घेतली, दाबली, बोटाने टोचली आणि ते ढेकूळ माझ्यासमोर मशीनच्या बॉनेटवर ठेवलं. शाळेत असताना मास्तर गणिताची वही अशीच समोर ठेवायचे.

"ट्रॅक्टर बोलवू का कुणाचा?" मी विचारलं.

"तोबी बसंल शेजारी. दोघं बोलत बसा."

मग त्यांनी दोन्ही सुनांना हाक मारली. म्हशीचा कासरा आणला, चाकांखाली गोणपाटं कोंबली आणि कासरा मशीनच्या मागच्या बाजूला बांधला. मी उतरायला लागलो.

"तुम्ही बसा, भाऊ. ते चाक कोणी धरायचं?"

तेव्हा चित्र असं होतं: तीन बाया कासऱ्याला लागून मशीन मागे ओढताहेत, आणि मी टोपी घालून, स्टिअरिंग धरून वर बसलोय. रस्त्याने जाणारी एक जीप थांबली. आतल्या लोकांनी मोबाइल काढले. धाकटी सून हसता हसता खाली बसली, तिच्यासाठी काम पाच मिनिटं थांबलं. शेवटी मशीन फरशीवर चढलं. मी उतरलो. गवतात दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या, दहा-बारा पावलं जाऊन एकदम संपलेल्या.

मला तेव्हा पौर्णिमा आठवली. मधे दोनच दिवस होते. किल्लीही आठवली. मी खिशातून फाटकाच्या कुलपाची चावी काढली.

"मावशी, गवत न्याल का?"

मावशींनी पदराने तोंड पुसलं. "आत्ता नाय म्हटलं तर?"

"तर माझी बायको परत या घरात येणार नाही."

"त्या चहावाल्या बाई? कप फुटला होता त्या?"

"हो."

"मंग आधी सांगायचं. लॉन लॉन काय करत होतात." त्यांनी चावी घेतली नाही. फाटकाला लटकलेलं कुलूपच काढलं आणि आपल्या कमरेच्या पिशवीत टाकलं. ते अजून त्यांच्याकडेच आहे.

पुढचे दोन दिवस त्या तिघींनी विळ्याने गवत कापलं. मीही विळा मागितला. मावशींनी माझ्या हाताला भारे बांधायचं काम दिलं आणि बांधलेला प्रत्येक भारा सुनेने पुन्हा बांधला. मी मशीनने कापलेला दहा पावलांचा पट्टा मात्र त्यांनी तसाच ठेवला. बारीक चुरा होऊन चिखलात कालवलेलं ते गवत उचलून मावशी म्हणाल्या, "हे तुमच्या मशीनचं उष्टं. म्हैस तोंड लावायची नाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जमीन दिसली. फाटकापासून अंगणापर्यंत. खुंट वरखाली होते, पट्टे कुठेच नव्हते. एवढी सुंदर जमीन मी कुठल्या व्हिडिओत पाहिलेली नाही.

पौर्णिमेला दुपारी दोन गाड्या भरून बायका आल्या. सगळ्या पांढऱ्या साड्यांमध्ये. बायको सर्वात शेवटी उतरली. फाटकापाशी थांबली, आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग पाय ठेवला. दहा पावलं चालून पुन्हा थांबली. चाकोऱ्यांपाशी. मी खुलासा तयार ठेवला होता, पण तिने विचारलंच नाही. चाकोऱ्या कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात हे नजरेने मोजलं, फरशीवर धुवून पुसून ठेवलेल्या मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं पोरांचे गृहपाठ तपासलेली नजर ती.

"मशीनने कापलं?" एवढंच तिने विचारलं.

"सुरुवात मशीनने केली," मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. बुद्धमूर्ती, फुलं, मेणबत्त्या, प्यायचं पाणी, चहाचं आधण, सगळं मी यादी करून केलं होतं. सगळ्या बसल्या तेव्हा लक्षात आलं की यादीत खुर्ची नाही. बायकोच्या गुडघ्यांना खाली बसवत नाही हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. ती ग्रंथ हातात घेऊन उभी. मी आत जाऊन पाण्याची बादली उपडी करून आणली. तिने बादलीकडे बघितलं आणि ती मशीनपाशी गेली. एका हाताने स्टिअरिंग धरलं, पाय वर घेतला आणि सीटवर बसली. पाठ टेकवली. दोन्ही कोपर सीटच्या दोन हातांवर ठेवले. जरा हलून बघितलं.

"हे मात्र चांगलं घेतलंत," ती म्हणाली.

तिने स्टिअरिंगवर ग्रंथ टेकवला आणि वाचायला सुरुवात केली. वंदना झाली, वाचन झालं. मधे वारा आला की गवताच्या खुंटांचा ओला वास यायचा. ती पान उलटताना एकदा थांबून समोरच्या जमिनीकडे बघत राहिली, भीतीने नव्हे, आणि मग पुढे वाचू लागली. मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होतो. चहा गाळला, सगळ्यांना दिला. तिच्यासाठी घरचा कप आणला होता. तो मी तिच्या हातात दिला, तिने तो स्टिअरिंगशेजारच्या खळग्यात ठेवला. तिथे कप ठेवायची जागा आहे हे मला चार महिन्यांत समजलं नव्हतं.

"उद्या लगेच नको जायला," ती हळूच म्हणाली. "दोन दिवस राहू."

तेवढ्यात मावशी दुधाचा तांब्या घेऊन आल्या. मी त्यांना सतरंजीवर बसवलं, चहा दिला. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला आणि मशीनवर बसून कप हातात घेतलेल्या माझ्या बायकोकडे बराच वेळ पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आता कुठं त्या मशीनवर कामाचं माणूस बसलं."